अंदमानची बेटे विमानातून पाहायची असतील तर खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

साताऱ्याच्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी विचारले आहे की, ते आणि त्यांच्या पत्नी जानेवारीत अंदमानला निघाले आहेत. जाताना पुणे–चेन्नई–पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) आणि येताना पोर्ट ब्लेअर–कोलकाता–पुणे असा प्रवास आहे. काकूंचा हा पहिलाच विमानप्रवास असून बेटे वरून डोळे भरून पाहावीत अशी त्यांची फार इच्छा आहे. सीट निवडताना विमान कंपनी जास्तीचे पैसे मागते, ते द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणत्या बाजूची, कोणत्या रांगेची सीट घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सर, आधी थेट उत्तर देतो. चेन्नईहून जाताना डावी बाजू घ्या, म्हणजे ए अक्षराची सीट. कोलकात्याकडे परतताना उजवी बाजू घ्या, म्हणजे एफ. दोन्ही वेळा रांग पंखाच्या पुढची असू द्या. पुणे–चेन्नई आणि कोलकाता–पुणे या टप्प्यांत बेटे नाहीत, तेव्हा तिथे खिडकीसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. मात्र तुमचे तिकीट बदलले, वेळ बदलली, किंवा पुढे कधी लक्षद्वीपला अथवा मालदीवला जायचे ठरले, तर हे उत्तर जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. म्हणून मी ते कसे काढले हे सविस्तर सांगतो. सांगलीतून सहली काढण्याच्या व्यवसायात मला एकवीस वर्षे झाली, आणि इतक्या वर्षांत माझ्या असे लक्षात आले आहे की लोक खिडकी मागतात, पण बाजू मागत नाहीत. बेटे दिसणे न दिसणे मात्र बहुतांशी बाजूवरच ठरते.

पहिला विचार सूर्याचा करावा, कारण समुद्राचे रंग ज्याला पाहायचे आहेत त्याने सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसले पाहिजे. सूर्याकडच्या खिडकीतून खाली पाहिले तर पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला उजेड थेट डोळ्यांत येतो आणि सगळा समुद्र पत्र्यासारखा चकाकतो. त्या चकाकीखाली प्रवाळ आहे की दोन हजार फूट खोल पाणी आहे, काही कळत नाही. विरुद्ध बाजूच्या खिडकीतून मात्र पाण्यात शिरून तळावरून परत येणारा उजेड दिसतो. उथळ जागी पांढऱ्या वाळूचा तळ असेल तर तो उजेड फिकट निळा-हिरवा दिसतो, कारण पाणी प्रकाशातला तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा-हिरवा भाग मागे राहतो. जसजशी खोली वाढते तसतसा रंग गडद होत जातो. म्हणजे योग्य बाजूने पाहणाऱ्याला समुद्राच्या खोलीचा नकाशाच रंगांत वाचता येतो.

याचा पडताळा घ्यायला विमानाची गरज नाही. सांगलीला कधी आलात तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहाच्या सुमारास आयर्विन पुलावर उभे राहा. पूल साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि कृष्णा त्याखालून दक्षिणेकडे, हरिपूरच्या संगमाकडे जाते. हरिपूरच्या दिशेने पाहिलेत तर सूर्य समोर असतो आणि नदी नुसती लखलखते, इतकी की डोळे बारीक करावे लागतात. चार पावले टाकून दुसऱ्या कठड्याशी जा आणि वरच्या अंगाला पाहा. तीच नदी, तेच पाणी, पण आता तिचा खरा हिरवट रंग, काठची उथळ माती आणि पाण्यातली झाडांची सावलीसुद्धा स्पष्ट दिसते. सहलीला नेण्याआधी दोन-तीन कुटुंबांना मी हे प्रत्यक्ष दाखवले आहे, आणि त्यानंतर त्यांना बाजू समजावून सांगावी लागली नाही.

आता हा नियम तुमच्या विमानाला लावू. चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आणि पोर्ट ब्लेअर साडेअकरा ते बारा अंशांच्या मध्ये आहे. दोन्हींमध्ये सुमारे १,३५० किलोमीटरचे अंतर असून विमान जवळजवळ थेट पूर्वेला जाते. जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. पूर्वेकडे तोंड केले की दक्षिण उजव्या हाताला येते, म्हणून उजव्या खिडक्यांत चकाकी आणि डाव्या खिडक्यांत रंग. शिवाय अंदमानची मुख्य माळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहे आणि पोर्ट ब्लेअर तिच्या दक्षिण भागात आहे, त्यामुळे उत्तर व मध्य अंदमान आणि बाराटांग हा मोठा भाग तुमच्या डाव्या हाताला राहतो. सूर्य आणि भूगोल दोन्ही एकाच बाजूकडे बोट दाखवतात, असा योग नेहमी येत नाही.

परतीचा हिशेब वेगळा आहे. पोर्ट ब्लेअरहून कोलकात्याकडे निघालेले विमान उत्तरेला, थोडे वायव्येकडे झुकून जाते, आणि त्याचा मार्ग बेटांच्या माळेच्या पश्चिमेकडून जातो. बेटे पूर्वेला, म्हणजे उजवीकडे राहतात. अंदमानात घड्याळ आपलेच असले तरी ही बेटे इतक्या पूर्वेला आहेत की जानेवारीत तिथे सूर्य साडेअकराच्या सुमारास माथ्यावरून कलतो. म्हणून बारानंतरचे विमान मिळाले तर सूर्य नैर्ऋत्येला, तुमच्या डाव्या अंगाला असेल आणि उजवीकडची बेटे उत्तम उजेडात दिसतील. तिकीट अजून काढायचे असेल तर वेळ निवडताना हे लक्षात घ्या. फार उशिराचे विमानही नको, कारण हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो.

उलट, कोणी कोलकात्याहून सकाळी लवकर जाणार असेल तर दोन्ही निकष एकमेकांच्या विरोधात जातात. बेटे डावीकडे, आणि सूर्यही डावीकडेच. अशा वेळी मी बेटांची बाजू धरतो, कारण चकाकीतून का होईना जमीन दिसते, दुसऱ्या बाजूला नुसते पाणी असते. मात्र सकाळी सहा-सातऐवजी नऊनंतरचे विमान घेण्याचा आग्रह करतो, म्हणजे सूर्य वर चढलेला असतो आणि चकाकीचा पट्टा विमानाच्या जवळ, अरुंद राहतो.

आणखी एक गोष्ट गणिताच्या शिक्षकांना आवडेल. पोर्ट ब्लेअर विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट या काळात तिथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी चेन्नईहून जाणाऱ्याला ‘उजवीकडे सूर्य’ हा हिवाळ्यातला नियम लागू होत नाही. मे महिन्यात मी डावी बाजू देतो ती केवळ भूगोलामुळे.

हे सगळे मी पहिल्या दिवसापासून जाणत होतो असे नाही. २००९ च्या जानेवारीत तासगाव आणि मिरज भागातली अठ्ठावीस माणसे घेऊन मी चेन्नईमार्गे गेलो, आणि सर्वांना उजवीकडच्या रांगा घेऊन दिल्या, कारण कोणीतरी मला तसे सांगितले होते आणि मी नकाशा उघडून पाहिला नव्हता. उतरल्यावर तासगावच्या एका आजींनी मला विचारले की, इकडचा समुद्र चांदीचा असतो का. त्यांनी सव्वादोन तास खिडकीला डोळा लावला होता आणि त्यांना चकाकीशिवाय काही दिसले नव्हते. त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटले. द्राक्षाच्या हंगामाआधी घरच्यांनी जमवून आणलेली त्यांच्या आयुष्यातली ती पहिली विमानफेरी होती. तेव्हापासून प्रत्येक सहलीआधी मी नकाशा, फूटपट्टी आणि घड्याळ घेऊन बसतो.

कृती सोपी आहे. शाळेचा नकाशासंग्रह उघडा, निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणांवर पेन्सिल ठेवा, टोक पोहोचण्याच्या दिशेला. बेटे पेन्सिलीच्या कोणत्या अंगाला येतात ते पाहा. मग विमान उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात सूर्य कोणत्या दिशेला असेल तिथे बोट ठेवा. बेटे एका अंगाला आणि बोट दुसऱ्या अंगाला आले की बाजू ठरली. याच्या जोडीला फ्लाइटरडार२४सारख्या संकेतस्थळावर तुमच्याच विमानाचा क्रमांक टाकून मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष कोणत्या वाटेने गेले आणि उतरताना कुठून वळले हेही पाहता येते. मी चार-पाच दिवसांच्या वाटा पाहतो. एका दिवसावर विसंबत नाही.

‘उतरण्याआधीचा अर्धा तास’ म्हणण्याचे कारण आहे. ढोबळ हिशेब असा की दर हजार फूट उंचीसाठी विमानाला खाली येताना तीन नॉटिकल मैल लागतात. म्हणजे ३५,००० फुटांवरून निघालेले विमान शंभराहून थोड्या अधिक नॉटिकल मैलांवर, सुमारे १९० किलोमीटर आधी, खाली यायला लागते. तोवर चेन्नई आणि अंदमान यांच्यामध्ये नुसता बंगालचा उपसागर आहे, आणि दीड तास खिडकीबाहेर पाहून काकू थकतील. त्या वेळात खुशाल जेवा, झोपा. वैमानिक उतरणी सुरू केल्याची घोषणा करतो, त्याच्या थोडे आधी स्वच्छतागृहात जाऊन या, आणि मग जागचे हलू नका. जे काही पाहायचे आहे ते या पंचवीस-तीस मिनिटांत आहे.

पहिली खूण जमिनीची नसते, ढगांची असते. उघड्या समुद्रावर ढग विखुरलेले असतात, पण बेटांवर जमीन तापून हवा वर चढते, त्यामुळे तिथे ढगांचा थवा एका जागी उभा दिसतो. दुपारी हे ढग दाट होतात, म्हणून जाताना सकाळच्या विमानाची शिफारस मी करतो. त्या थव्याखाली नीट पाहा: आधी गडद हिरवा पट्टा, मग त्याच्या कडेला फेसाची बारीक पांढरी रेघ, आणि त्या रेघेबाहेर फिकट निळ्या पाण्याची झालर. ती झालर म्हणजे प्रवाळाचा उथळ भाग. त्यात तपकिरी डाग दिसतील ते प्रवाळाचे किंवा समुद्री गवताचे. पाण्यावर ढगांच्या सावल्याही तशाच दिसतात, पण त्या सरकतात. डाग सरकत नाहीत. आपल्या भागातल्या माणसाला सर्वांत नवल वाटते ते शेताचा बांध न दिसण्याचे. कृष्णाकाठी वरून पाहिले की उसाचे चौकोन नजर जाईल तिथवर असतात. इथे मैलोन् मैल अखंड जंगल आणि त्यात खारफुटीतून नागमोडी शिरलेल्या खाड्या. हे पाहताना बोलणारे लोकही गप्प होतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी नैर्ऋत्य-ईशान्य अशी आहे. विमान नैर्ऋत्येकडून थेट येते की वळसा घालून ईशान्येकडून, हे वारा आणि नियंत्रण कक्ष ठरवतो, आणि त्यावर शेवटच्या चार-पाच मिनिटांचे दृश्य बदलते. त्या मिनिटांची हमी कोणीच देऊ शकत नाही. तुमची बाजू आम्ही ठरवली आहे ती त्याआधीच्या वीस मिनिटांसाठी.

आता रांगेबद्दल. या मार्गावर बहुधा एकाच वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन सीट असलेले विमान असते, आणि त्याच्या मधल्या साधारण दहा-बारा रांगांच्या खिडक्यांखाली पंखच येतो. अशा सीटवरून आकाश छान दिसते, पण बेटे खाली असतात. सीट निवडताना दिसणाऱ्या आराखड्यावर पंख दाखवलेला असेल तर त्याच्या पुढच्या, साधारण चार ते सात क्रमांकाच्या रांगा घ्या. त्या महाग वाटत असतील तर अगदी मागच्या पाच-सहा रांगा घ्या. तिथूनही खाली दिसते, फक्त इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे पुढच्या बाजूचे दृश्य, चुलीवरून पलीकडचे पाहावे तसे, थरथरते. पैसे वाचवायचे म्हणून पंखावरची खिडकी घेणे मला पटत नाही. त्यापेक्षा मागची घ्यावी. आपत्कालीन दाराजवळ पाय पसरायला जागा असते म्हणून लोक ती रांग मागतात, पण ती पंखावरच असते, आणि ज्येष्ठांना ती बहुधा देतही नाहीत.

काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच्या जागी नुसती भिंत असते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते; बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या जरा पुढे डावीकडे हा प्रकार आढळतो. माझ्या एका ग्राहकाने जास्तीचे पैसे भरून ‘खिडकीची’ सीट घेतली आणि संपूर्ण प्रवास भिंतीकडे पाहत केला. तक्रार करूनही पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून विमानाचा प्रकार आधी पाहा आणि त्या प्रकाराचा सीटनिहाय आराखडा इंटरनेटवर शोधून खिडकीची खात्री करा.

दोघे आणि खिडकी एक, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. एकामागे एक अशा दोन खिडक्या घेण्याची कल्पना काही जणांना सुचते. मी ती टाळायला सांगतो. पहिल्याच प्रवासात काकूंना काही दिसले की ‘अहो, हे पाहा’ म्हणायला शेजारी माणूस हवा. जाताना खिडकी त्यांना द्या, तुम्ही मधली सीट घ्या, आणि परतताना अदलाबदल करा.

खिडकीची आतली तावदाने काचेची नसून ॲक्रिलिकची असतात आणि त्यांवर लगेच चरे पडतात. हाताचे डाग असतील तर मऊ, कोरड्या सुती फडक्याने हलके पुसा. सॅनिटायझर लावू नका. तावदानाच्या तळाशी बारीक छिद्र आणि त्याभोवती हिमकण दिसले तर घाबरायचे कारण नाही, हवेचा दाब सांभाळण्यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर तो काढा, कारण या तावदानातून त्याने इंद्रधनुषी पट्टे दिसतात आणि पाण्याचे रंग बिघडतात. गडद रंगाचा सदरा किंवा शाल असली की आतल्या प्रकाशाचे प्रतिबिंब कमी पडते. फोटो काढताना मोबाइल तावदानाला टेकवू नका, थरथर उतरते. बोटभर अंतर ठेवा आणि फ्लॅश बंद करा. मात्र पोर्ट ब्लेअर आणि पुणे या दोन्ही विमानतळांवर संरक्षण दलांचा वावर आहे आणि तिथे छायाचित्रणाला मनाई असते. उतरताना आणि निघताना केबिन क्रू जी सूचना देईल, कधी शटर खाली ठेवायला सांगेल, ती पाळा. उंचावरचे फोटो काढा, खाली आल्यावर मोबाइल खिशात ठेवा.

सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसण्याचा एक जास्तीचा लाभही आहे. खाली ढगांचा थर असला आणि त्यावर विमानाची सावली पडली, तर तिच्याभोवती गोल रंगीत वलय उमटते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र ते हेच. कड्यावर त्यासाठी पहाटेपासून ताटकळावे लागते. विमानात ते पुष्कळदा सोबत चालते.

सुरुवातीला मी इतर बेटांचाही उल्लेख केला, त्याबद्दल थोडक्यात. कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्तीला छोटे एटीआर विमान जाते. त्याचा पंख खिडकीच्या वर असतो, त्यामुळे खालचे दृश्य जवळपास मोकळे मिळते, फक्त इंजिनाशेजारची रांग टाळावी. तिथे बेट म्हणजे पूर्वेकडची अरुंद पट्टी असते आणि प्रवाळाने अडवलेले उथळ पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते तिच्या पश्चिमेला, तेच पाहण्यासारखे. बंगळुरूहून मालेला जाताना मालदीवची प्रवाळ-वलये पश्चिमेला, म्हणजे उजवीकडे येतात, आणि सकाळचे विमान असले की सूर्यही डावीकडे राहतो. चेन्नईहून कोलंबोला जाणाऱ्याने रामसेतूसाठी उजवी बाजू घ्यावी.

तुमच्या तिकिटाकडे परत येतो. मोफत सीट मिळण्याच्या आशेने थांबायचे असेल तर वेब चेक-इन देशांतर्गत प्रवासात बहुधा ४८ तास आधी उघडते, पण तोवर पुढच्या खिडक्या शिल्लक राहत नाहीत. चारपैकी दोनच टप्प्यांसाठी पैसे भरायचे आहेत, तेव्हा ते आजच भरा. जाताना चेन्नई–पोर्ट ब्लेअर टप्प्यावर सहा ए काकूंसाठी आणि सहा बी तुमच्यासाठी. येताना पोर्ट ब्लेअर–कोलकाता टप्प्यावर सहा एफ तुमच्यासाठी आणि सहा ई काकूंसाठी. परतीला बेटे विमान सुटल्यावर लगेच, पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत दिसतील, तेव्हा बसल्याबरोबर फडके हाताशी ठेवा.